आस

दिग्दर्शकाला चाकांची कुरकुर हवी होती.
रात्र, शेतं, सुटलेले कैदी, आणि लाकडी चाकांची कुरकुर.
म्हणून मनिलाहून सहा तास बस, मग ट्रायसिकल,
मग भातखाचरांच्या बांधावरून पायी, यंत्र डोक्यावर धरून
मी प्रिमितिवो बालिंगित यांच्या अंगणात पोचले.

वय ब्याऐंशी. किंवा चौऱ्याऐंशी.
चर्चचं दप्तर जपान्यांच्या काळात जळालं,
तेव्हापासून ते सोयीचं वय सांगतात.
त्या रात्री मात्र चौदाच, यात बदल नाही.

‘पन्नास गाड्या होत्या,’ म्हणाले.
‘सिनेमात बारा आहेत, लोलो.’
‘बारांत कशी मावतील एवढी माणसं?’
‘मावतात. कॅमेरा फिरवला की मावतात.’
त्यांनी मान डोलावली,
गिऱ्हाइकाच्या खोट्या तराजूला डोलवावी तशी.

गाडी गोठ्यामागे होती, तिच्यावर कोंबड्या निजत.
मी हेडफोन चढवले, माइक चाकापाशी नेला.
‘हं, ओढा.’
ते ओढेनात. खाली वाकले, आसाला बोट लावलं,
बोट हुंगलं.
‘ही वाजली असती तर मी असतो का इथे?’

डुकराची चरबी. नाताळापासून आईने मडक्यात राखलेली,
थोरल्या बहिणीच्या लग्नाला म्हणून.
ती सगळी आसाला.
चाकांना पेंढा, पेंढ्यावर गोणपाट,
रेड्यांना मुसक्या.
गावातल्या कुत्र्यांचं काय केलं ते विचारू नकोस.

मग गोळीबार झाला. तो तुमच्याकडे असेलच.
भरपूर असेल.

नदी ओलांडून माणसं आली. पाठुंगळीला, काखेत,
एकजण दाराच्या फळीवर.
माझ्या गाडीत सहाजण चढवले
आणि रेडा सारखा मागे वळून बघायला लागला.
ओझं जाणवेना त्याला.
रिकामी गाडी एवढ्या रात्री कुठे नेतोय हा पोरगा?
मी त्याच्या कानात म्हटलं, चल, आहेत. आहेत.

पहाटे एका पडक्या शाळेपाशी मी त्यांना रताळं दिलं.
उकडलेलं, एकच.
एकाने शर्टातून दोरा उपसला.
बटण आधीच नव्हतं, दोरा होता.
दोऱ्याने रताळं कापलं. किती सावकाश!
डोळे बारीक करून, सोनारासारखं.
सहाजण होते.
तुकडे सात केले.

प्रिमितिवो उठले, चुलीवरून रताळं आणलं,
लुंगीच्या काठाचा दोरा ओढला.
‘हा आवाज घे.’
मी माइक इतका जवळ नेला की वाफ लागली जाळीला.
यंत्राचा काटा हलला नाही.
दोरा रताळ्यातून गेला
आणि मला वाटतं मला काहीतरी ऐकू आलं,
पण ते शपथेवर सांगता येणार नाही.

कुरकुर मी शेवटी स्टुडिओत केली.
मावशीची वेताची खुर्ची, थोडं पाणी शिंपडून.
दिग्दर्शक खूश. म्हणाला, हाडांतून येते.

पुढच्या वर्षी कबानातुआनच्या मॉलमध्ये
गावासाठी एक खेळ फुकट ठेवला.
प्रिमितिवो दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचा बारोंग,
मांडीवर पॉपकॉर्न, न खाता धरलेलं, कुणाचं ठेवायला दिल्यासारखं.
गोळीबार त्यांनी शांतपणे पाहिला.
नायक दोनदा जखमी झाला, तेही.
मग रात्र, शेतं,
आणि चारही भिंतींमधून माझी खुर्ची वाजू लागली.

ते अर्धवट उठले.
पुढच्या रांगेची पाठ घट्ट धरली
आणि पडद्याकडे बघून म्हणाले,
‘श्श्श!’

लोकांना वाटलं, आपल्यालाच.
सगळी रांग गप्प झाली, एका पोराने चघळणं थांबवलं.
पडद्यावर गाड्या वाजतच राहिल्या.
मी तीन रांगा मागे होते.
खुर्ची हलू नये म्हणून
पाय उचलून बसले.